बिनहाराचा फोटू

फोन आला तवा मी अंगणात काजूच्या बिया वाळत घालत हुते. माजी भाची रेश्मा कोल्हापुरातनं बोलत हुती. "आत्ती, उभी हाइस का बसलीस?" मी म्हटलं, "उभी हाय. बोल की." तर म्हणाली, "आदी बस." माणसाला आदी बसाय लावून जे सांगत्यात, ते कदी चांगलं नसतंय. मी बसले न्हाय. उभ्यानंच ऐकलं. माजा धाकटा भाऊ विलास, रेश्माचा बा, सकाळी दाढी कराय बसला आन बसल्या जागी कलंडला. एका गालावर साबण तसाच. दवाखान्यात न्हेईपतोर संपलं हुतं. बिया तशाच पसरून ठेवल्या, दाराला कडी घातली आन आजऱ्याच्या स्टँडावर आले. यष्टीत शेजारच्या बाईनं इचारलं, "कुटं निगालासा?" मी म्हटलं, "भावाकडं." खोटं न्हवतं की ते...

मी विलासपरीस बारा वर्सांनी मोठी. जायची पाळी माजी हुती. आमच्यात तसं ठरलं बी हुतं. काय ठरलं हुतं तेच सांगाय बसले हाय. माजी शाळा दुसरीत सुटली, तवा मी सांगते आन रेश्मा लिवत्या.

आई गेली तवा विलास अंगावर पीत हुता. ताप आला, डोकं धरून पडली आन गेली. घरात तिचा एक बी फोटू न्हवता. तवा आमच्यात फोटू कुणाचं हुतं? बा गुऱ्हाळावर कामाला, हंगामभर घरला न्हाय. मी काजूच्या कारखान्यात जायाची. विलासला लुगड्याच्या झोळीत खांबाला टांगायची आन बिया फोडाय बसायची. काजूच्या टरफलाचं त्याल लई वंगाळ, कातडं जाळतंय. राख लावून लावून बोटं काळी गुळगुळीत झाली, आज बी रेशनच्या मशिनवर माजा अंगठा उटत न्हाय. पोरगं भुकंनं रडाय लागलं की हात धुवाय सवड नसायची, मनगटानंच उचलायची त्येला. शेरडाचं दूध, भाताची पेज... जगलं. पुढं माजं लगीन झालं. नवरा हिरीच्या कामावर दरड कोसळून गेला, पोरबाळ व्हायच्या आत मी परत बाच्या घरात आले. विलास तवा शाळंत जात हुता. "आता जाऊ नगंस," एवढंच म्हणाला. न्हाय गेले.

मिसरूड फुटायच्या वयात त्यो कोल्हापूरला गेला. मंगळवार पेठेत बाबूभाईंचा फोटूचा स्टुडिओ हुता. तितं झाडलोट कराय ऱ्हायला आन हळूहळू फोटू काढाय शिकला. बाबूभाईंच्या दुकानात लगनाच्या फोटूपरीस मेलेल्या माणसांचं काम जादा. लोक घोळक्यातला फोटू घिऊन यायचं, त्यातलं बारकं त्वांड मोठं करायचं, वर कोट नायतर पदर रंगवायचा आन भितीवर लावाय द्यायचं. एकदा खेड्यातनं एक गडी आला. बा वारलेला, फोटू न्हाय. संगं चुलत्याला घिऊन आलेला. म्हणाला, "बा आन चुलता एका साच्यातलं. ह्येलाच फेटा बांधा आन काढा." चुलता बसला खुर्चीवर, लाजून हसाय लागला. बाबूभाई म्हणालं, "काका, हसू नगा. तुमी आता वारलायसा." दुकान सगळं हसलं, चुलता तर खो खो हसला, आन फोटू तसाच हसरा आला. गडी काय चिडला न्हाय. म्हणाला, "ऱ्हाऊ दे. आमचा बा घरात कदी हसला न्हाय, भितीवर तरी हसू दे."

ही गोष्ट विलासनं घरला येऊन सांगितली. लई हसलो आमी. मग त्यो माज्या त्वांडाकडं बघाय लागला. म्हणाला, "आक्का, तू आईवर गेलीस म्हणत्यात न्हवं?"

गावातली म्हातारी माणसं तसं म्हणायची खरं. विलासच्या डोस्क्यात ते बसलं ते बसलंच. सगळ्या दुनियेच्या आया त्यो भितीवर चढवत हुता, आन आमच्या म्हाळाला, पितरांचं जेवण घालायच्या दिशी, आईच्या जागंवर नारळ ठेवायचा. दर वर्साला म्हणायचा, "आक्का, एकदा बस गं फोटूला. आईला त्वांड न्हाय आपल्या." मी म्हणायची, "नारळाला काय झालं? शेंडी हाय, डोळं हाइत." टाळायची मी. मोकळ्या कपाळाच्या बाईनं फोटूला बसायचं, आन ते बी आई म्हणून... जीव धजत न्हवता. आन सवड तरी कुटं हुती? भात, कारखाना, बाचं आजारपण. वर्सं अशीच गेली.

मग मोबाईल आलं आन जो त्यो फोटूवाला झाला. स्टुडिओ बंद पडला. बाबूभाईंनी त्यांचा जुना क्यामेरा विलासच्या हातात दिला. दोन डोळ्यांचा, डब्यागत, वरनं वाकून बघायचा. विलासनं कागलच्या एमआयडीसीत वाचमनची नोकरी धरली आन क्यामेरा कपाटात गेला. रिटायर झाल्यावर त्यो परत भाईर आला. रेश्मा त्येला रोल मागवून द्यायची. तिनं एक स्क्यानर बी घेतला. काचंचं मशिन, त्येच्यावर धुतलेली फिल्म ठिवली की फोटू कंप्युटरवर उटतोय. सुट्टी आली की बापलेकीचा ह्योच उद्योग. मी म्हटलं, "मोबाईलवर काढ की माजा एक, सुटशील." तर म्हणाला, "मोबाईल आपल्या मनानं त्वांड गोरं करतोय. मला आई पायजे आक्का, सिनेमातली बाई न्हाय."

एका म्हाळाला मी कोल्हापूरला त्येच्याकडं गेले तवा त्येनं सरळच सांगितलं. "आक्का, तुजं वय झालं. आता तू गेलीस तर आई बी गेली माजी. कायमची." त्या दिशी मला न्हाय म्हणवंना. पर माजी भावजय शालन हातात उलथणं घिऊन स्वयंपाकघरातनं भाईर आली. "आन त्यो फोटू भितीवर लावून हार घालणार व्हय? जित्या माणसाच्या फोटूला? वन्सं, तुमी तरी सांगा ह्यांस्नी!"

मी म्हटलं, "घालू दे की. मराण काय फोटू बघून येतंय?"

"तुमाला न्हाय वाटत, मला वाटतंय! माज्या घरात असलं चालायचं न्हाय!" शालन बोलाय लागली की खालच्या मजल्यावरची माणसं टीव्ही बारीक करत्यात. मग विलासनंच तोड काढली. फोटू आता काढायचा, पर कपाटात ठेवायचा. भिताड न्हाय, हार न्हाय. "आक्का गेली की लावू. एकाच फोटूत आई बी आन आक्का बी. एका हारात दोगी." मी म्हटलं, "मरताना तुज्या कामाला आले म्हणायचं." असं ठरलं आमच्यात.

गच्चीवर खुर्ची मांडली. विलासनं क्यामेरा पोटाशी धरला आन मान खाली घालून त्यात बघाय लागला, देवापुढं हुबा ऱ्हातोय माणूस तसा. "आई कशी बसायची?" मी पदर कानामागं घेतला, एक हात गुडघ्यावर ठिवला. तिचं बसणं मला ठावं हुतं. तिचा आवाज, पदराचा धुराचा वास, हातातल्या हिरव्या बांगड्या... सगळं ठावं हुतं. पर त्वांड? इतकी वर्सं आठवाय सवड न्हवती, आन सवड मिळाली तवर ते गेलं हुतं. लपवायचं कशाला? मी म्हटलं, "विलास, मला त्वांड आठवंना रं तिचं." त्येनं मान वर केली न्हाय. "हलू नगंस," म्हणाला, आन खटका दाबला.

मोरीत अंधार करून त्येनं रोल धुतला आन कापडं वाळत घालायच्या दोरीला चिमटं लावून टांगला. वाळल्यावर मलाच धराय लावला. "आक्काच्या बोटाचा डाग उटत न्हाय, तिच्या हातात द्या." उजेडाला धरून बघते तर क्यास माजं काळंभोर, आन त्वांड बी काळं ठिक्कर! शालन म्हणाली, "आगं बया, ही कोण हडळ!" विलास म्हणाला, "फिल्मवर उलटं असतंय. पांढरं ते काळं, काळं ते पांढरं." मी म्हटलं, "मग ऱ्हाऊ दे तसंच. क्यास तरी काळं झालं फुकटात."

रेश्मानं फिल्म मशिनवर ठिवली. पडदा खाली सोडल्यागत फोटू वरनं हळूहळू उतराय लागला. पदर आला. कपाळ आलं. भिवया आल्या, मग डोळं... नाकापतोर आला. आई हुती ती. बघताक्षणी कळलं, कुणाला इचारायचं कामच न्हवतं. चुलीपुढनं मान वळवून बघायची तशी बघत हुती. "विलास... आई," मी म्हटलं. त्यो उटून हुबाच ऱ्हायला. तवर खालचं आलं. व्हट आलं, हनवटी आली, आन ती गेली. मी झाले.

"कुटपतोर हाय आई?" विलासनं इचारलं.

मी पडद्यावर नाकाच्या खाली बोट ठिवलं. "हितवर. खाली मी हाय."

रेश्मा म्हणाली, "आत्ती, सुरकुत्या काढता येत्यात कंप्युटरवर. व्हट बी सारखं करता येतंय. तू सांग, मी करते." मी काय सांगणार? व्हट आवळून दिस काढायची पाळी यायच्या आतच आई गेली. माजं त्वांड जन्मभर आवळल्यालं, ते कंप्युटरला कसं सुटायचं? पर विलासच म्हणाला, "न्हाय. हात लावू नगंस त्येला." खुर्ची वढून पडद्यापुढं बसला. म्हणाला, "वरची मी कदी बघितलीच न्हाय. खालची वळखतोय." शालन जेवाय हाका मारत ऱ्हायली, त्यो उटला न्हाय.

फ्रेम करून त्येनं फोटू जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळला आन कपाटात ठिवला. मी कवाबी गेले की दारातनंच वरडायचा, "काय आक्का, काढू का भाईर फोटू?" मी म्हणायची, "थांब की, अजून बिया फोडायच्यात." त्येला वाटायचं आता हिचं काय खरं न्हाय. मला बी तसंच वाटायचं. माज्या मागं त्यो सगळं नीट करील, ह्या भरवशावर मी हुते.

विलासचा फोटू भितीवर लागला. त्यो रेश्मानं त्याच क्यामेऱ्यानं काढलेला, गच्चीवरचा. म्हयना झाला तवा जेवण घातलं. पावणंरावळं जेवून गेलं, घर मोकळं झालं, आन रेश्मानं कपाटातनं ते गुंडाळलेलं भाईर काढलं. धडपा सोडला. "आत्ती, ह्येचं काय करायचं?" पोरगी माज्याकडं बघंना. मी गेल्यावर लावायचा, असं ठरलेलं. ज्येनं लावायचा त्योच गेला. आन माजं हाड काटक, आणखी किती वर्सं काढतंय कुणाला ठावं. तवर त्या पोराची आई कपाटातच? जन्मभर जिच्यासाठी तळमळला, ती त्येच्या शेजारी नगं?

मी म्हटलं, "खिळा हाय का घरात?"

रेश्मानं खिळा ठोकला, विलासच्या शेजारी. फोटू लावला. हारांतला एक जादा ऱ्हायलेला, त्यो मी उचलला आन माज्या हातानं घातला. शालन तरातरा आत गेली. मला वाटलं, चिडली. तर देवापुढचा कुंकवाचा करंडा घिऊन आली. फोटूच्या काचंवर, कपाळाच्या जागंवर, बोटानं कुंकू लावलं. "सासूबाई हाइत माज्या," म्हणाली, "नवऱ्याच्या आदी, अहेव गेल्यात त्या. कपाळ मोकळं कसं ठेवायचं?" तिचं कपाळ मोकळं. माजं मोकळं. दोगी हुब्या ऱ्हाऊन बघत ऱ्हायलो.

मी अजून कोल्हापुरातच हाय. शालन जाऊ देईना. दिसभर त्या भितीखाली बसते, लसूण सोलते, तांदूळ निवडते. भेटाय येणारं पावणं अजून येत्यात. दारातनं आत येत्यात, भितीकडं बघत्यात, मग माज्याकडं बघत्यात, आन चप्पल काढता काढता थबकत्यात.

मी म्हणते, "ती विलासची आई. बसा."