मळ्यापासून दर्ग्यापर्यंत

जगातली यच्चयावत माणसं बसून राहिल्यामुळेच मरतात, असं माझ्या मामेसासऱ्यांचं, म्हणजे बायकोच्या मामांचं, ठाम मत होतं. मंगरूळपीरपासून दोन कोसांवर त्यांचा भाजीपाल्याचा मळा होता. सत्तरीतही पहाटे लंगोट कसून ते जोर-बैठका काढत आणि दर पन्नास बैठकांमागे एकच भिजवलेला हरभरा तोंडात टाकत. पाठ दुखते म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातात वांग्यांआधी व्यायामाचा जड मुद्गल देत. तो पुन्हा त्या वाटेला फिरकत नसे, आणि मामा समजत की गडी बरा झाला. मला पाहायला आले तेव्हा पत्रिका बाजूला सारून त्यांनी माझं धोतर गुडघ्यापर्यंत वर करायला लावलं. "पोरगं शिकेल हाये," माझ्यादेखत म्हणाले, "पन पिंडऱ्या पाहा त्याच्या! पोरगी देऊन राह्यलो का पुस्तकाले?" लग्न जमलं ते मामींमुळे.

एका उन्हाळ्यात जोर काढता काढता मामा मातीवर बसले ते उठेनात. धाप थांबेना, पाय सुजलेले. मी मंगरुळात मास्तर, म्हणून डॉक्टरांकडे नेण्याचं काम माझ्याकडे आलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. "हृदयाचा स्नायू थकलाय, हृदय मोठं झालंय. जोर-बैठका बंद. औषध घ्या, आणि दर आठवड्याला या, पण गाडीत बसून." मी घाबरलो. मामांची मात्र छाती फुगली. दंड मेहनतीनं मोठे होतात, तर हृदय का होऊ नये? "पन्नास वर्साची मेहनत हाये, मोठं व्हईनच!" असं ते गावभर सांगत सुटले.

मामी रडल्या म्हणून मामांनी जोर सोडले. पण डॉक्टरांकडे जायला बैलांची दमणी मळ्याबाहेर पडली की हे खाली उतरत. "बैलं चालतीन आन मी बसून जाऊ? मले का झालं?" दर बाभळीपाशी दम खात, पुन्हा निघत. मागून दमणी हाकत मी, शेजारी मामी. मामींची नजर सगळी वाट त्यांच्या पाठीवर. मंगरुळातल्या दर्ग्याचा घुमट दिसला की मामा गुपचूप चढत आणि आजाऱ्यासारखं तोंड करून बसत. मी डॉक्टरांपुढे गप्प राही. यांना काही झालं तर ते माझ्या भित्रेपणामुळे, हेही मला कळत होतं.

तीन महिन्यांनी डॉक्टर खूश झाले. "सूज उतरली, श्वास मोकळा झाला. आराम मानवला!"

मामींना राहवलं नाही. "कायचा आराम, सायेब! हे पायीच येतात. दर्गा दिसला का दमनीत चढतात. मी मांगून पाठीकडं पायत येतो, आता पडतीन का मंग पडतीन."

डॉक्टर आधी संतापले. मग पुन्हा नळी लावून ऐकत बसले. "चालणं सोसतंय यांना," ते अखेर म्हणाले. "हळूहळू चालू द्या. जोर मात्र नाही." मामींनी पदर तोंडाला लावला. मी वेड्यासारखा हसत सुटलो.

परतताना मामीही उतरल्या. उभ्या संसारात त्या नवऱ्याच्या मागूनच चालल्या होत्या. त्या दिवशी बरोबरीनं चालल्या, आणि मामांनी पाऊल त्यांच्यासाठी आखडलं. दमणीत उरलो एकटा मी, वय तीस. मामांनी वळून पाहिलं. "बसा जावईबापू, तुमच्या पिंडऱ्या थकल्या असतीन!"

त्यानंतर मामा बरीच वर्षं चालले. आता तेही नाहीत, मामीही नाहीत. मंगरुळाहून मळ्याकडे जाताना दर्गा मागे पडला की मी गाडीतून उतरतो आणि उरलेली वाट पायी जातो. पुढं कुणाची पाठ दिसत नाही, याची सवय मात्र अजून झालेली नाही.