ओल्या पोत्याखालच्या वाट्या

पळसाच्या पत्रावळी वाढण्याआधी पाणी शिंपडून ठेवायच्या, नाहीतर तडकतात, हे मला आईनं शिकवलं होतं. मक्याच्या वाट्यांवर शिंपडायचं नसतं, हे कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून मी शिंपडलं. वर ओलं पोतंही झाकलं. सकाळी लग्नाच्या आठशे वाट्यांची एकच लापशी झाली होती.

तेव्हा माझी पन्नाशी यायची होती आणि अक्कल मात्र आलेली आहे, असा माझा पक्का समज होता.

शेंद्र्याला पत्र्याच्या शेडमध्ये अक्का या वाट्या करायची, मी तिच्याकडे कामाला जायचे. मक्याचं स्टार्च, पाणी, जरासं ग्लिसरीन. शिजवून खळ करायची आणि गरम साच्यात दाबायची. घरचे सगळे मेंढरांमागं, हिनंच हा नाद धरलेला. गिऱ्हाईक दिसलं की वाटीचा काठ मोडून त्याच्या हातात द्यायची. "चावा की. मरत नाय."

औरंगपुऱ्यातल्या एका दुकानदारानं नाक मुरडलं, तर तिनं त्याच्यासमोर वाटीतून कढी प्यायली आणि मागोमाग वाटीही खाल्ली. "आता तुमची प्लास्टिकची खाऊन दाखवा." त्यानं चहा पाजला. ऑर्डर दिली नाही.

पहिली ऑर्डर आली ती देवगाव रंगारीच्या लग्नाची. दुष्काळ होता, टँकरचं पाणी प्यायला पुरेना, भांडी घासणार कशानं? ही ऑर्डर फसली तर शेड सोडून परत मेंढरांमागं जायचं, असं अक्कानं ठरवलेलं. आणि मी ते मोलाचं पाणी वाट्यांना पाजून बसले होते.

अक्कानं पोतं उचललं, लगद्यात बोट घालून चाटलं. "मीठ पायजे व्हतं," म्हणाली. मग खाली बसून पोट धरून हसली. मी रडत होते, तर माझ्याही हातात गोळा दिला. "खळच हाये की. कोरडं पीठ घाल अन् मळ."

लग्न सांजेचं, म्हणून वाचलो. दिवसभर दाबल्या, टेम्पोत घातल्या. पंगतीला पोचल्या तेव्हा तळाच्या वाट्या अजून कोमट होत्या. वराकडच्या एका आजोबांना वाटलं, हाही एक पदार्थच. त्यांनी खाल्ली आणि दुसरी मागितली.

अक्काला जाऊन आता तीन उन्हाळे झाले. शेड तिची सून चालवते. मी अजून जाते आणि वाटीला हात लावण्याआधी तो दोनदा पदराला पुसते. अक्काची नात हसते.

तिला काय सांगू? त्या दिवशी परतताना टेम्पोत मी म्हटलं होतं, "अक्का, उद्यापासून मी येत नाही."

अक्का म्हणाली, "उद्या लवकर ये, बये. फक्त येताना हात कोरडे आण."