दुसऱ्यांदा वाटलेलं सामान

"ट्रकमध्ये मावत नाही ते वाटून मोकळं व्हायचं!" असं म्हणत काकू दातांनी पांढरी चिकटपट्टी तोडायच्या. बदलीच्या नोकरीतली माणसं तुम्ही पाहिली असतील, तर तुम्हाला त्या लगेच ओळखू येतील. काका विमा कंपनीत, सहा गावं झालेली. बदलीचा हुकूम आला की पट्ट्यांवर शेजारणींची नावं लिहून डब्या-पातेल्यांना चिकटवायची, हा काकूंचा रिवाज.

जयपुरात शास्त्रीनगरला आमची दारं समोरासमोर. काकूंच्या छातीचा कॅन्सर यकृतात पोचला, हाडांत पोचला, औषधं लागू पडेनात. शेवटी डॉक्टरांनी ती थांबवली. त्याच संध्याकाळी काकूंनी पट्टी काढली.

"अहो काकू, काय हे!"

"हुकूम आलाय गं. रडतेस काय, धर!" पितळी पुरणयंत्र माझ्या वाट्याला आलं.

आणि चार महिन्यांत आक्रीतच घडलं. औषध नाही, काही नाही, आणि गाठ विरत गेली. स्कॅनमध्ये यकृतावरचे डाग दिसेनात. डॉक्टर म्हणाले, "माताजी, हुआ तो है. क्यों हुआ, हमें नहीं पता. आगे का भी नहीं पता." आम्ही फक्त पहिलं वाक्य ऐकलं.

मीच मेली शहाणी! शेजारणींना गोळा केलं आणि सगळं सामान वाजतगाजत परत नेलं. काकू दारातच अडून उभ्या. "नको गं, राहू दे तुमच्याकडेच."

"बदली रद्द झाली काकू!" मी म्हटलं.

मग त्यांनी एकेक पट्टी नखानं खरवडली, फडताळ पुन्हा लावलं. होळीला पुरणपोळ्या केल्या. उन्हाळ्यात वर्षाचं लोणचं घातलं. बरणीला दादरा बांधताना हळूच म्हणाल्या, "आता मला जायचं नाहीये हं." असं त्या आधी कधीच बोलल्या नव्हत्या.

दिवाळीच्या आधी पाठ दुखायला लागली. ह्या वेळी डॉक्टरांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

पहिल्यांदा वाटताना त्या हसल्या होत्या. आता दातांनी पट्टी तुटेना, मी कात्री दिली.

"एकदा दिलं होतं ना मी नीट? कशाला आणून दिलंस गं?"

मी पुरणयंत्र त्यांच्यापुढे सरकवलं.

पुरणयंत्र माझ्या ओट्याखाली आहे. बुडाला पहिल्या पट्टीचा चिकट डाग, त्यावर दुसरी पट्टी. तिच्यावरचं अक्षर इतकं कापरं आहे, की माझं नाव मलाच वाचता येत नाही.