मामाची मोटार

हैदराबादच्या सरकारात माझा मामा उपमंत्री झाला, तेव्हा शहागंजातल्या आमच्या अख्ख्या गल्लीलाच खुर्ची मिळाल्यासारखं झालं. पोलीस ॲक्शन होऊन फार वर्षं लोटली नव्हती. मंत्री हा प्राणी कुणी जवळून पाहिला नव्हता, पण त्याची निशाणवाली मोटार मात्र सगळ्यांच्या डोळ्यांपुढं उभी होती.

त्यात माझं लग्न ठरलं, पडेगावच्या एका जमीनदार घरात. वडिलांनी सासरच्यांना छाती फुगवून सांगून टाकलं, "पोरीचा मामा सरकारी मोटारीत येणार!" मला मोटारीचं काही नव्हतं. आई मी लहान असतानाच गेली होती. तिच्या माहेरचा मामा तेवढा एकटा उरलेला. बोहल्यावर तो माझ्या पाठीशी उभा असावा, एवढंच मला हवं होतं.

लग्नाच्या सकाळी बँडवाल्यांसकट सगळे पुरुष हारतुरे घेऊन, हैदराबादहून मोटार ज्या रस्त्यानं यायची त्या जालन्याच्या रस्त्यावर जाऊन उभे राहिले. सगळ्यांत पुढं माझे सासरे. भटजीसुद्धा गेले, मंत्र्याला आशीर्वाद द्यायची संधी कोण सोडतो! मांडवात उरलो आम्ही बायका. मुहूर्त जवळ येत चालला आणि मी सारखी रस्त्याकडं बघत होते.

एवढ्यात मागच्या दारानं मामा आत आला. हातात ट्रंक, सदऱ्यावर आगगाडीची काजळी. स्टेशनावरून टांगा करून आला होता. मला रडूच फुटलं.

"रडती कशाला? आन् गडीमाणसं कुठं गेली सारी?"

"तुलाच आणायला."

मामानं कपाळावर हात मारला आणि दारातल्या त्याच टांग्यात बसून जालन्याच्या रस्त्याकडं सुटला. तिथं काय झालं ते टांगेवाला पुढं कितीतरी वर्षं रंगवून सांगायचा. आता शहागंजात टांगा दिसत नाही, पण त्या टांगेवाल्याचा आवाज माझ्या कानात आहे. सासऱ्यांनी हात आडवे करून टांगा अडवला, "बाजूला घे रं! मंत्र्याची मोटार यायची हाय!" टांगेवाला ओरडला, "अरे भाई, मंत्रीसाब तो मेरेच टांगे में बैठेले हैं!" सगळे खो खो हसले. मामा खाली उतरला तेव्हा कुठं वडिलांनी ओळखलं. बँडवाल्यांना वाजवायचंही सुचेना.

सगळी मंडळी धापा टाकत मांडवात परतली. मुहूर्त हुकता हुकता साधला आणि मामा माझ्यामागं उभा राहिला. सासूबाईंचं तोंड मात्र वाकडंच होतं. बिनमोटारीचा मंत्री त्यांच्या हिशेबात बसत नव्हता.

खरं सांगायचं तर सासरी आता टोमणे खावे लागणार म्हणून मलाही जरा राग आला होता. पाठवणीच्या वेळी मी विचारलंच, "मामा, मोटार का नाही आणलीस?"

"घरच्या कामाला सरकारी मोटार चालत नाय, पोरी. सेक्रेटरी म्हणत व्हता, त्याच दिवशी इथली एखादी शाळा तपासाया घ्या, म्हंजे दौरा व्हतो. मोटार बी मिळंल, भत्ता बी मिळंल."

"मग?"

मामानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते.

"मग मी शाळा बघाया आलो असतो. माझ्या बहिणीच्या लेकीच्या लग्नाला आलोच नसतो की गं."