लेडीज ड्रायव्हरवाला पिच्चर

किस्से जमवायला कुठे फिरावं लागत नाही हो. एका जागी पडून राहावं लागतं, एवढंच!

आम्ही देऊळगाव राजाच्या डायलिसिस सेंटरमधली मंगळवार-शुक्रवारची सकाळची मंडळी. एक हात मशीनला दिलेला, त्यातून रक्त बाहेर जातं, धुऊन परत येतं, आणि हे चार तास चालतं. उठायचं नाही, कूस बदलायची नाही. शेजारच्या पलंगावरचा माणूस आवडो की न आवडो, त्याचं ऐकायचं. सासरीसुद्धा मी एवढं कोणाचं ऐकून घेतलं नव्हतं!

टोळकं लहानच. मी हायस्कूलात इंग्रजी शिकवते, म्हणून सगळे मला मॅडम म्हणतात. माझ्या डावीकडे पंकज, ऐन पंचविशीतला, बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान. उजवीकडे दुसरबीडचे भानुदासकाका. भाजीपाल्याची शेती, किडन्या गेल्या तरी आवाज शाबूत, इथून बोलले की पार्किंगमध्ये ऐकू जाणार. त्यांच्या पलंगाशी स्टुलावर कौसल्याकाकू, त्यांची बायको. त्या सोबत येत, चार तास बसत आणि परत नेत. बोलत मात्र नसत. आणि या सगळ्यांवर ज्योती सिस्टरचं राज्य.

आमचे बरेचसे किस्से एकाच पिच्चरचे आहेत. तो संपत आला तरी किस्से संपत नाहीत.

*

पिच्चर आणला पंकजने. भिंतीवरच्या टीव्हीला केबल नव्हती, पेनड्राइव्ह तेवढा चालायचा. पंकज ऐटीत म्हणाला, "इंग्लिश हाय मॅडम. एक नंबर फायटिंग!"

लावला. पडद्यावर समुद्र, धुकं, इंग्लंडातलं एक चिमुकलं गाव. तिथे सिटीबस चालवणारी एक बाई. आणि जनावरांचा एक डॉक्टर, जो घरी गाडी असूनही रोज तिच्या बसमध्ये बसतो, शेवटच्या स्टॉपपर्यंत जातो आणि तिथे काहीही काम नसल्यामुळे त्याच बसने परत येतो. तिच्याशी बोलायचं असतं, बोलवत नाही. बस्स, एवढीच स्टोरी!

अर्धा तास काकांनी दम धरला. मग आवाज आला, "मॅडम, मारामारी कव्हा हाय?"

पंकज ओशाळला. "काका, फाइल चुकली वाट्टे."

सिस्टरने बाकीच्या फाइली लावून पाहिल्या. एकही उघडेना. ती बंद करायला निघाली तसे काका म्हणाले, "राहू द्या, सिस्टर. बाई गाडी बरी चालवते."

पिच्चरचं खरं नाव लांबलचक होतं. ते कोणी वापरलंच नाही. आमच्याकडे तो लेडीज ड्रायव्हरवाला पिच्चर!

*

इंग्रजी कळत होतं मला एकटीला. त्यामुळे ट्रान्सलेशनचं खातं माझ्याकडे आलं. तो काय म्हणाला, ती काय म्हणाली, मी पलंगावरूनच मोठ्याने सांगायची. अख्ख्या नोकरीत मला इतका शांत वर्ग मिळाला नव्हता.

मिळणारच. कोणी उठून जाऊच शकत नव्हतं!

*

त्या डॉक्टरला एक खोड होती. तो सारखा सॉरी म्हणायचा. बाईला सॉरी, तिच्या प्रवाशांना सॉरी, कुत्र्याला इंजेक्शन देताना कुत्र्याला सॉरी. एकदा तर दारावर आपटला आणि दाराला सॉरी म्हणाला.

काका वैतागले. "एवढं काय चुकलं बे याचं?"

मी म्हटलं, "काही नाही काका. तिकडची पद्धत आहे."

तेवढ्यात स्टुलावरून आवाज आला. इतक्या महिन्यांत मी तो आवाज धड ऐकलाही नव्हता.

"पद्धत चांगली हाय," काकू म्हणाल्या.

त्या टीव्हीकडे बघत होत्या. काकांनी छताकडे नजर वळवली आणि पंखा चालू आहे का ते बराच वेळ तपासलं. पंकजला खोकला आला, तो काही थांबेना!

*

हा किस्सा हसून सांगता येत नाही, पण सांगते.

आम्हाला पाणी मोजून प्यावं लागतं. चहासुद्धा त्या मापातच. लघवी होत नाही, त्यामुळे प्यायलेला प्रत्येक घोट अंगात साठतो आणि मग मशीनने तो ओढून काढताना जीव जातो. तहान म्हणजे काय, ते उन्हात चालणाऱ्याला कळत नाही. आम्हाला कळतं. मी दुपारी बर्फाचा एक खडा तोंडात धरून बसते, तो विरघळू नये असं वाटतं.

आणि त्या पिच्चरमध्ये सगळे उठसूट चहा करायचे! हे मोठे मोठे मग. कोणी आलं, कर चहा. कोणी रडलं, कर चहा. बरं, करून प्यायचे का? नाही. एक बोलायला लागायचा, दुसरा रागावून निघून जायचा, आणि मग भरलेला तसाच टेबलावर.

एकदा डॉक्टर असाच काठोकाठ मग ठेवून उठला आणि काका ओरडले, "अबे, पेऊन तर जाय!"

कोणी हसलं नाही. काकांनी जीभ ओठांवरून फिरवली. काकूंनी पदराने त्यांचं तोंड पुसलं, पुसण्यासारखं काही नव्हतं तरी.

पंकज म्हणाला, "काका, ते खोटं असते. शूटिंगमंधी कपात काहीच नसते, रिकामे राह्यते ते."

काकांनी जरा विचार केला. "असं हाय का? मंग ठीक हाय."

तेव्हापासून चहा आला की काका निवांत बघत. "रिकामा हाय," असं मला समजावूनही सांगत. मगातून वाफ निघताना मला दिसत होती. मी बोलले नाही.

*

मग तो एक सीन. इंग्लिश पिच्चर म्हटल्यावर तो असणारच! शेवटच्या स्टॉपवर बस रिकामी, खिडकीबाहेर समुद्र, आणि ती दोघं हळूहळू जवळ यायला लागली. मी ट्रान्सलेशन थांबवलं. करण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. ज्योती सिस्टर नेमकी बीपीचं मशीन घेऊन टीव्हीसमोर उभी राहिली. काकूंनी मान फिरवली.

काका म्हातारे, पण नजर चांगली. सिस्टरच्या बाजूने दिसावं म्हणून चष्मा नीट करायला त्यांनी हात उचलला. सुया टोचलेलाच हात! नळी दुमडली आणि मशीन असं काही कोकलायला लागलं की बाहेरचा वॉचमन धावत आत आला.

सिस्टरने हात सरळ केला, आवाज बंद झाला. तशा काकू म्हणाल्या, "मशीनलेबी लाज आली, पण ह्यायले नाही!"

*

पंकजचं लग्न ठरलेलं होतं. सिंदखेड राजाची मुलगी. साखरपुडा झाला, हॉल ठरला आणि त्याचे पाय सुजले म्हणून रक्त तपासलं. पुढचं काय ते सांगायला नको. मुलीचे वडील आले, हात जोडून साखरपुड्याची अंगठी परत देऊन गेले. हे सगळं त्यानेच आम्हाला सांगितलं, हसत हसत, दुसऱ्याची गोष्ट सांगावी तसं. "काहून थांबन कोनी, मॅडम? मीबी नसतो थांबलो."

पिच्चरमध्ये पुढे ती बाई मोठ्या शहरात नोकरी लागली म्हणून गाव सोडून निघते. डॉक्टर तिला थांब म्हणू शकत नाही. बसस्टॉपवर उभा राहून तिला प्रवासाच्या शुभेच्छा देतो. तिथे मी सांगायला तोंड उघडलं तर पंकज हळूच म्हणाला, "मॅडम, हे नका सांगू."

पडद्यावर दोघं बोलत राहिली. काकूंना काही कळेना. "काय झालं वं बाई? काय म्हन्ते तो?"

"काही नाही काकू. गाडी लागली तिची."

मग काकांनी माझ्या पलंगावरून पलीकडे विचारलं, "पंकज, त्या पोरीनं कव्हा फोन केला का रे तुले?"

"नाही काका. म्या नंबर बदलून टाकला."

"काऊन बे?"

"तिनं केला असता."

सुया काढून झाल्यावर काका दर वेळी आधी बाहेर जात. त्या दिवशी पंकजचं होईपर्यंत दाराशी थांबले आणि त्याच्या खांद्याला धरून पायऱ्या उतरले. त्यांना आधार लागत होता की त्यांनी दिला होता, देव जाणे.

*

काकांनी त्या पिच्चरचा शेवट कधी पाहिला नाही. शेवटच्या तासात त्यांचा बीपी उतरायचा आणि डोळा लागायचा. जाग यायची तेव्हा टीव्ही बंद. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. आम्ही सांगू लागलो की हात वर करायचे, "सांगू नका! मीच पाहीन."

पंकज एकदा म्हणाला, "काका, आज डायरेक्ट शेवटूनच लावतो."

काकांना ते पटलं नाही. "असं मधातच नाही घुसाव कोनाच्या घरात."

दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी उजवीकडचा पलंग रिकामा राहिला. एसटी चुकली असेल, असं आम्ही एकमेकांना सांगत राहिलो. सिस्टरचा फोन वाजला, ती बाहेर जाऊन बोलून आली आणि माझ्या पायाशी उभी राहिली. काका पहाटे झोपेतच गेले होते. आमच्या हातात सुया होत्या. डोळे पुसायला एकच हात. उरलेला सगळा वेळ आम्ही त्या कोऱ्या चादरीशेजारी पडून काढला. टीव्ही कोणी लावला नाही.

तेरवीला पंकज आणि मी दुसरबीडला गेलो. जेवणाच्या पंगती चालल्या होत्या. मांडवात एक धोतरवाले आजोबा माझ्याजवळ येऊन उभे राहिले. काकांचे लहानपणापासूनचे मित्र, रामभाऊ.

"तुम्हीच का त्या पिच्चरवाल्या मॅडम?"

मी हो म्हटलं.

"भानुदास आम्हाले सांगे. डायलिसिसहून आला का संध्याकाळी हाटेलात बसे अन् त्या ड्रायव्हरनीचं सांगे. सारेच ऐकत. पन पुढचं त्यालेबी ठाऊक नव्हतं." त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "ते बाई वापस आली का मंग?"

तेरवीच्या मांडवात हे बोलावं की नाही, मला समजेना. "आली," मी म्हटलं.

"अन् लगन?"

"झालं."

रामभाऊंनी मोठा श्वास सोडला. "लय बेस झालं. गावात चार-पाच जन इचारून राह्यले होते."

*

काकांच्या पलंगावर महिनाभराने नवीन पेशंट आली. रेणुका, कॉलेजात जाणारी पोर. पहिलाच दिवस. तिची आई दाराबाहेर रडत होती आणि ही आत. सुई लागल्यापासून डोळे घट्ट मिटून थरथरत होती. "किती राह्यलं? किती राह्यलं?" एवढंच विचारायची. सिस्टरने तिचं मन रमावं म्हणून पिच्चर लावून दिला. मी तिला काही सांगितलं असतं, पण त्या दिवशी माझाच बीपी खाली होता. तोंडातून शब्द निघत नव्हता.

अर्ध्या पिच्चरला दार उघडलं आणि कौसल्याकाकू आत आल्या. हातात सिस्टरसाठी मेथीच्या जुड्या. "बाजाराले आली होती. म्हटलं, भेटून जाव." माझ्या कपाळावर हात ठेवला, पंकजची विचारपूस केली, आणि मग सवयीने त्या जाऊन त्याच स्टुलावर बसल्या. बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं. पण उठल्या नाहीत.

रेणुका त्यांच्याकडे बघत होती. काकूंनी टीव्हीकडे बोट दाखवलं.

"ते बाई दिसते ना? ते मंदा. ड्रायव्हर हाय. अन् तो ढोरांचा डॉक्टर. त्याले तिच्याशी बोलाचं हाय."

"मंग बोलत काऊन नाही?" रेणुकाने नाक ओढत विचारलं.

"थंडी लय हाय ना तिकडं. बोलनं आखडून जाते मानसाचं."

इंग्रजीचं एक अक्षर न येणाऱ्या काकूंनी पुढचा अख्खा पिच्चर सांगितला. बाईचं नाव मंदा ठेवलं, तिला एक सासरी नांदत नसलेली बहीण दिली. डॉक्टरच्या आईला कडक केलं. मूळ पिच्चरमध्ये यातलं काहीच नाही. रेणुकाचे खांदे सैल पडत गेले. किती राह्यलं, हे विचारायचं ती विसरली. पंकज डोळे मिटून ऐकत होता.

शेवटी मंदा परत येते. उभ्या बसच्या मागच्या सीटवर मधोमध एकटीच बसलेली असते. डॉक्टर बसमध्ये चढतो, तिच्यासमोर उभा राहतो आणि पहिल्यांदाच भडाभडा बोलतो. मोठं भाषण आहे ते. लहानपणापासूनचं सगळं येतं त्यात. मी ते पूर्ण सांगायची, एक वाक्य गाळायची नाही. संगीत वाढत जातं, त्याचे डोळे भरतात, तिचे भरतात.

"काय म्हन्ते तो?" रेणुकाने विचारलं. "एवढं काय म्हनून राह्यला?"

काकू पडद्याकडे पाहत होत्या.

"काही नाही वं माय," त्या म्हणाल्या. "तो म्हन्ते, सरक जराशी."

आणि रेणुका पलंगावर जराशी सरकली.