लाल बाटल्यांच्या घंटा

माझा थोरला भाऊ वसमतला भंगाराच्या गोडाऊनवर जुन्या गाड्या तोडतो. ट्रक असो नाहीतर जीप, सीटमागून आग विझवायचा लाल बाटला निघायचाच. दादा त्याचा तळ कापून घंटा करायचा. शाळेला किंवा देवळाला घंटा हवी असली की लोक त्यालाच शोधत यायचे. औंढ्याच्या रस्त्यावरच्या कितीतरी शाळा त्याच्या बाटल्यांवर भरायच्या आणि सुटायच्या. त्याचा त्याला केवढा तोरा!

कापायच्या आधी तो बाटल्यावर पान्याचा टोला हाणायचा. ठण्ण वाजला तर रिकामा, भद्द वाजला तर भरलेला. सगळ्या गोडाऊनची हीच रीत. मी गॅरेजमध्ये काम करतो, त्यामुळे जीव तोडून सांगायचो, "दादा, आवाजावर जाऊ नको. मोकळ्यात ने, तोंड माणसांपासून लांब धर, पिन काढून दांडा दाब. फुसफुस पुरती थांबू दे. मग मानेचा नट हळूहळू सैल कर. त्याच्याआधी कटर लावू नको."

"लई शिकवून राहिला तू," तो हसायचा. "मला कान हायेत ना?"

ते कानच गेले. एका बाटल्यातली भुकटी ओलीनं घट्ट होऊन तळाशी बसली होती आणि वर नुसता दाबलेला वायू होता. बाटला वाजला ठण्ण. दादानं कटर लावला, आणि तो त्याच्या डोक्याशेजारी फुटला. कानांपुढे नांदेडच्या डॉक्टरांनी हात टेकले. जीव वाचला हे नशीब, असं वहिनी म्हणते. मला या नशिबाची चीड येते. गावच्या शाळेत त्याचीच घंटा आहे, पण शाळा सुटली हे त्याला रस्त्यावर लेकरं दिसल्यावर कळतं.

दुसरं काम येत नाही, म्हणून तो परत तिथंच जातो. ही टोल्याची रीत सोडा म्हणून मालकाशी मी भांडलो, कामगारांच्या हातापाया पडलो. "त्याचा दिवस खराब होता," म्हणाले. टोले चालूच आहेत.

परवा डबा द्यायला गेलो. दादा पाठमोरा बसून सीटचं रेग्झिन फाडत होता. त्याच्या मागेच एकानं बाटल्यावर टोला हाणला, मान डोलावली आणि कटर उचलला. मी फाटकातूनच बोंबललो, "दादा, बाजूला हो!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. दादा रेग्झिन फाडत राहिला.