चकलांब्याच्या डेरीवरचा काटा

पाटोद्याच्या कल्याणराव वाण्यांची थोरली लेक शिवांजली इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करायला औरंगाबादला निघाली, तेव्हा गल्लीतल्या बायांनी कल्याणरावांना तोंडावर विचारलं होतं, "पोरीला काय रेडिओ दुरुस्त करायला बसवता का?" कल्याणराव थंड डोक्याचा माणूस. गिऱ्हाइकाची साखर बांधता बांधता म्हणाले, "बसंल की. घरचा बी लई दिवसापासून बंद हाय." घरचा रेडिओ काही शिवांजलीनं हातात धरला नाही, पण औरंगाबादेत दुधाचे इलेक्ट्रॉनिक काटे बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत तिनं नोकरी मिळवली. दोन हजार सालानंतरचे ते दिवस. गावोगावच्या डेऱ्यांवर मापं जाऊन काटे येत होते, आणि वीज तिच्या मनाला येईल तेव्हा येत होती.

पोरगी हुशार, कामाला वाघ, आणि खोटं कशाला बोला, थोडी तोऱ्यातही होती. आपलं काम चुकत नाही, चुकलंच तर वापरणाऱ्याचं काहीतरी चुकलं असणार, अशी तिची पक्की समजूत. नवी नोकरी, नवा पगार, वय पंचविशीच्या आतलं; असायचंच.

तिचं काम समजायला अवघड नाही. काट्याच्या पेटीत एक सर्किट बोर्ड असतो. त्यावर वजन मोजणारा भाग वेगळा, पावती छापणारा वेगळा, आकडा दाखवणारा वेगळा. प्रत्येकाला चालायला एकसारखा ठोका लागतो, त्याला क्लॉक म्हणतात. ठोका थांबला की तो भाग जागच्या जागी गप्प. आता लोडशेडिंगच्या मुलखात काटा बॅटरीवर चालवायचा, म्हणून आतली ऑपरेटिंग सिस्टिम मोठी काटकसरी ठेवलेली. काटा सुरू होताना सगळे ठोके चालू असायचे. मग एखाद्या ठोक्यावरचा शेवटचा भाग काम संपवून मोकळा झाला की ती तो ठोका बंद करून टाकायची. पण कोणता भाग कोणत्या ठोक्यावर अवलंबून आहे, हे तिला आपलं आपण कळत नाही. ते कुणीतरी लिहून द्यावं लागतं. या काट्यासाठी ते शिवांजलीनं लिहून दिलं होतं.

असा एक काटा चकलांब्याच्या डेरीवर बसला. चकलांबा शिवांजलीचं आजोळ, आणि डेरीची सेक्रेटरी तिची रुद्राणीमामी. मामीची पद्धत जुन्या मापाच्या काळातली: दूध घ्यायचं आणि आकडा सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा मोठ्यानं पुकारायचा. एकदा पुकारलं की झालं, ना मामी कुणाला फसवणार ना कुणी मामीला. पावती छापायचं यंत्र ती बंदच ठेवायची. कागद जातो, बॅटरी जाते, आणि बाया त्या पावत्या तिथंच टाकून जातात. फक्त बंकट नावाचा एक इसम पावतीसाठी अडून बसायचा. बंकटला स्वतःच्या सावलीचाही भरवसा नसावा. तर त्याच्यापुरतं मामी ते यंत्र चालू करायची, पावती त्याच्या हातात कोंबायची आणि खटकन बंद करायची.

बंकटच्या मागं रांगेत शेवटची असायची सत्यभामा. नवरा आश्रुबा मेंढरं घेऊन रानोमाळ, ही वस्तीवर पोरं आणि एक म्हैस सांभाळून. लांबून यायची म्हणून कायम शेवटी.

काटा आल्यापासून डेरीचं दूध टेम्पोत भरताना कमी पडायला लागलं. मामीला आधी टेम्पोवाल्याचा संशय आला, मग एकेकाचा. एका सकाळी सत्यभामेची किटली काट्यावर नेहमीसारखी सहा किलोच्या घरात गेली, तशी मामीनं ते दूध सगळ्यांसमोर जुन्या मापानं मोजलं. कसंबसं तीन लिटर भरलं.

"हे काय गं?" मामीनं विचारलं.

"मला काय ठावं, बाई? पैलं लिटरात मोजायचे, आता किलोत. किलोत जादा भरत आसंल, आसं वाटलं."

"पायानं दाबती काटा, दुसरं काय," बंकट म्हणाला. आणि माणसं मान डोलवायला मोकळी झाली.

मामी न्यायाची बाई. तिनं काटा तपासायला शिवांजलीला बोलावून घेतलं. शिवांजलीनं दुपारी येऊन पेटी उघडली आणि कंपनीत करायची तशीच तपासणी केली: पावतीचं यंत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत चालू, एकेक प्रमाण वजन ठेवायचं आणि पावती काढायची. सगळं बिनचूक. "काटा बरोबर आहे," ती म्हणाली आणि वजनं पिशवीत भरायला लागली. सत्यभामा दारात उभी होती. "ताई, माझ्या हातनं काय चुकत आसंल तर सांगा की," एवढंच ती म्हणाली. शिवांजली काय सांगणार? त्या दिवसापासून डेरीनं सत्यभामेचं दूध घेणं बंद केलं. वस्तीवरच्या बायासुद्धा तिला बघून पदर तोंडाला लावून बोलायला लागल्या.

औरंगाबादला परतल्यावर शिवांजलीला चैन पडेना. पायानं दाबलं तर आकडा वरखाली नाचेल, तो रोज सहाच्या आसपास कसा थांबेल? रविवारी ती कुणाला न सांगता पुन्हा चकलांब्याला आली आणि सकाळच्या रांगेच्या कडेला उभी राहिली. मामी आकडे पुकारत होती, सगळं ठीक चाललं होतं. शेवटी बंकट आला. यंत्र चालू, पावती, यंत्र बंद. बंकटनं किटली उचलली, तरी समोरचा आकडा शून्यावर आला नाही. शिवांजलीनं पुढं होऊन रिकाम्या काट्यावर दोन्ही हातांनी जोर दिला. आकडा हलायला तयार नव्हता. तो बंकटचाच आकडा होता, सहाच्या घरातला.

मग तिला उलगडा झाला. वजन मोजणारा भाग आणि पावतीचं यंत्र त्या बोर्डवर एकाच ठोक्यावर चालत होते. तिनं लिहून देताना एकट्या पावतीच्या यंत्राचं नाव लिहिलं होतं. पावतीचं काम संपलं की ऑपरेटिंग सिस्टिमला वाटायचं आता या ठोक्याला वाली नाही, आणि ती तो बंद करायची. काटा तिथंच गोठायचा, आणि मागून येणाऱ्या सत्यभामेच्या नावावर बंकटचंच वजन चढायचं. कंपनीत यंत्र मधे बंदच करत नसत, म्हणून तिथं हे कधी दिसलंच नव्हतं. आता बंकटच्या मागं कुणी नव्हतं, म्हणून इथंही दिसत नव्हतं.

"काय झालं गं?" मामीनं विचारलं.

"काही नाही मामी, आतली चिप बदलावी लागेल. तोवर मापानं घ्या."

आधी दुरुस्त करू, मग ताठ मानेनं सगळ्यांना सांगू, असं तिनं मनाशी ठरवलं. खरं म्हणजे बंकटसारख्या माणसासमोर "माझं चुकलं" म्हणायला तिची जीभ रेटेना. कंपनीत तिनं आपण लिहून दिलेल्यात एक ओळ वाढवली: वजनाचा भागही याच ठोक्यावर आहे. आता दोघांपैकी एकाला जरी ठोका हवा असला तरी तो बंद होणार नव्हता. साहेबांनी ते चार-पाच दिवस तपासून घेतलं, मग ते भरलेली नवी चिप घेऊन ती आली.

या वेळी तिनं सत्यभामेला निरोप धाडून डेरीवर बोलावलं आणि भरल्या रांगेसमोर सांगितलं, "चूक काट्याची होती. म्हणजे माझीच. ह्या बाईनं काही केलेलं नाही." बंकट पायातल्या वहाणेकडं बघत राहिला. रुद्राणीमामी पुढं झाली, सत्यभामेचा हात धरून म्हणाली, "उद्यापासून दूध आण गं बाई. माझंच तोंड काळं झालं."

सत्यभामेनं हात सोडवून घेतला. तिनं शिवांजलीला विचारलं, "तुमाला कवा कळलं, ताई?"

"मागच्या रविवारी."

"परवा म्हैस वडवणीच्या व्यापाऱ्याला दिली. दूध कुणी घेईना, मग दावणीला बांधून तिला काय घालावं?" सत्यभामा म्हणाली. "रविवारीच बोलला आसता, तर ऱ्हायली आसती."